३२७६७ नंतर काय?

नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या सी भाषेवरच्या पुस्तकात सुरुवातीलाच रमेश नावाचा एक नोकरदार भेटतो. त्याचा मूळ पगार कीबोर्डवरून घ्यायचा, त्यावर ४० टक्के महागाई भत्ता आणि २० टक्के घरभाडे भत्ता लावायचा आणि एकूण पगार छापायचा, एवढाच स्वाध्याय. पण एखाद्या नवख्या विद्यार्थ्याने पगार ‘इंट’मध्ये ठेवला, मूळ पगार १००० दिला आणि १००० गुणिले ४० भागिले १०० असं सरळ लिहिलं, तर टर्बो सी हा कंपायलर त्याला महागाई भत्ता ४०० नव्हे, उणे २५५ रुपये सांगत असे. महागाई वाढली म्हणून पगारातूनच कापून घेतल्यासारखा हा हिशेब.

टर्बो सीचा इंट १६ बिटांचा. त्यात −३२७६८ ते ३२७६७ एवढेच पूर्णांक मावतात. १००० गुणिले ४० म्हणजे ४०,०००. ते मावत नाहीत. सर्वांत वरचा बिट चिन्हाचा असल्याने तेच बिट −२५,५३६ म्हणून वाचले जातात आणि १०० ने भागल्यावर −२५५ हाती येतात. तोच प्रोग्रॅम, एक अक्षरही न बदलता, लिनक्सवरच्या जीसीसीने कंपाइल केला की उत्तर ४००. तिथला इंट ३२ बिटांचा.

कंपायलर बदलला की उत्तर बदलतं, याचा आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना आलेला हा पहिला अनुभव. तो सुखाचा होता, आणि म्हणूनच त्यातून अर्धाच धडा घेतला गेला. पुढे त्याच जीसीसीच्या नव्या आवृत्त्यांनी साध्या बेरजेचा जो अर्थ लावला, त्याने जगभरचे मुरलेले प्रोग्रॅमरही गोंधळले.

मानकाने वर केलेले हात

डेनिस रिची यांनी बेल लॅबमध्ये १९७२ च्या आसपास सी भाषा घडवली ती पीडीपी-११ या यंत्रावर, आणि त्या यंत्राचा इंट १६ बिटांचा होता. पण सी लवकरच इतर यंत्रांवर गेली. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात एक छोटा तक्ता आहे: पीडीपी-११ वर इंट १६ बिटांचा, हनीवेल ६००० वर ३६, आयबीएम ३७० वर ३२. ऋण संख्या साठवण्याच्या पद्धतीही एक नव्हत्या. पीडीपी आणि आयबीएमची यंत्रं टूज कॉम्प्लिमेंट पद्धत वापरत, युनिव्हॅक ११०० मालिकेतली यंत्रं वन्स कॉम्प्लिमेंट. काही यंत्रांवर बेरीज मर्यादेबाहेर गेली की संख्या उणे बाजूला वळे, काहींवर प्रोग्रॅम तिथेच अडवला जाई.

अमेरिकेत १९८३ साली एक्स३जे११ ही समिती सीचं मानक ठरवायला बसली तेव्हा हा सगळा बाजार तिच्यापुढे होता. अनसाइन्ड, म्हणजे चिन्हरहित पूर्णांकांसाठी समितीने नियम पक्का केला: मर्यादा ओलांडली की पुन्हा शून्यापासून मोजणी. चिन्हांकित पूर्णांकांसाठी एकच नियम करायचा तर कुठल्या ना कुठल्या यंत्रावर प्रत्येक बेरजेमागे जादा आज्ञा घालाव्या लागल्या असत्या. डिसेंबर १९८९ मध्ये मंजूर झालेल्या मानकाने त्यामुळे सरळ हात वर केले. चिन्हांकित बेरीज मर्यादेबाहेर गेली तर वर्तन ‘अनडिफाइन्ड’. अमुक उत्तर येईल असं नाही आणि तमुक येणार नाही असंही नाही. प्रोग्रॅमरने तशी वेळच येऊ द्यायची नाही, अशी ती अट होती.

याच समितीने आणखी एक बदल केला आणि त्याने जुन्या प्रोग्रॅमची उत्तरं प्रत्यक्षात फिरली. −१ हा १ पेक्षा लहान आहे का, असा प्रश्न घ्या. यातला १ जर १६ बिटांच्या अनसाइन्ड शॉर्टमध्ये असेल आणि यंत्राचा इंट ३२ बिटांचा असेल, तर युनिक्सवरचे जुने कंपायलर ‘नाही’ म्हणत. ते तुलनेआधी दोन्ही बाजू चिन्हरहित करत आणि −१ चा होई चारशे एकोणतीस कोटींहून मोठा आकडा. नव्या नियमाने शॉर्टचं आधी साध्या इंटमध्ये रूपांतर होऊ लागलं आणि उत्तर आलं ‘हो’. कंपायलर ना चूक दाखवी, ना इशारा देई. समितीच्या स्वतःच्या टिपणीतच कबुली आहे की रूढ प्रथेत केलेला हा बहुधा सर्वांत गंभीर बदल. अशा न बोलता होणाऱ्या बदलांना त्यांनी नावच दिलं होतं ‘क्वाएट चेंज’.

निळ्या पडद्याची वर्षं

१९८७ मध्ये दोन सी कंपायलर जगापुढे आले: बोरलँड कंपनीचा टर्बो सी आणि रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी. भारतात पहिला डाव टर्बो सीने मारला. ६४० केबी मेमरीच्या साध्या पीसीवर तो धावे. एडिटर, कंपायलर आणि मदतीची पानं सगळं एकाच निळ्या पडद्यावर. कंट्रोल-एफ९ दाबलं की प्रोग्रॅम चालला, ऑल्ट-एफ५ दाबलं की उत्तर दिसलं. नागपूर, झाशी, पुणे, रत्नागिरी, कुठल्याही गावचा संगणक वर्ग घ्या, नव्वदच्या दशकात तिथे हाच पडदा असे. बोरलँडने तो विकणं कधीच थांबवलं होतं, तरी विंडोजच्या नव्या आवृत्त्यांवर डॉसबॉक्स बसवून त्याला जिवंत ठेवण्यात आलं. २०१० नंतरही आपल्या कॉलेजांत ‘कोनियो डॉट एच’ आणि ‘क्लिअरस्क्रीन’ लिहून प्रोग्रॅम सुरू होत.

या पडद्याला आवाज दिला तो कानेटकरांच्या पुस्तकांनी. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून पदवी आणि आयआयटी कानपूरमधून एम.टेक. घेऊन त्यांनी नागपुरात बसून लिहिलं. सोपी इंग्रजी, छोटे प्रोग्रॅम आणि धड्याअखेर भरपूर स्वाध्याय यांमुळे ‘लेट अस सी’ देशभर पाठ्यपुस्तकासारखं वापरलं गेलं. त्यांचं ‘टेस्ट युअर सी स्किल्स’ नोकरीच्या मुलाखतींची तयारी करणाऱ्यांच्या पिशवीत असे. परीक्षांत आणि कॅम्पस मुलाखतींत ‘आउटपुट सांगा’ हा प्रश्नांचा लाडका प्रकार. त्यात ३२७६७ मध्ये १ मिळवल्यावर काय, याचं उत्तर −३२७६८ असं लिहिलं की पूर्ण गुण. एकाच ओळीत ‘आय’ दोनदा वाढवून बेरीज विचारणारे प्रश्नही असेच. मानकात त्यांना ठरलेलं उत्तर नाही. टर्बो सीच्या पडद्यावर मात्र ते रोज तेच दिसे, आणि तेच पाठ केलं जाई.

लिनक्सच्या लॅब आल्या तेव्हा विद्यार्थ्याने मनातला एकच आकडा बदलला. ३२७६७ च्या जागी २१४७४८३६४७. ‘टोक ओलांडलं की दुसऱ्या टोकाला’ ही समजूत होती तशीच राहिली. पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांनीही १६ बिट आणि ३२ बिट कंपायलरांच्या मर्यादा शेजारी शेजारी दिल्या. मर्यादा वाढली एवढंच सगळ्यांना दिसलं. मर्यादेपलीकडे करारच नाही, हे वर्गात क्वचितच बोललं गेलं.

कंपायलरच्या पोटात

जीसीसीच्या सोर्स कोडमध्ये ‘जीसीएसई’ नावाची एक फाइल आहे. प्रोग्रॅममध्ये तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा होत असेल तर ती हुडकून एकदाच करायची, हे तिचं काम. ती लिहिताना चाळलेल्या शोधनिबंधांची यादी फाइलच्या माथ्यावर टिपणीत दिली आहे. त्यात डी. एम. ढमढेरे हे नाव दोनदा येतं: एकदा १९८८ च्या निबंधासाठी, एकदा १९९१ च्या. हे आयआयटी मुंबईचे प्रा. धनंजय ढमढेरे. सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक भारतातल्या अनेक पिढ्यांनी वाचलं. जगातल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या कंपायलरपैकी एकाला काटकसर शिकवणाऱ्यांत पवईचा हा माणूस होता.

अशी काटकसर करायची तर कंपायलरला प्रोग्रॅमबद्दल जितकं खात्रीने ठाऊक, तितकं बरं. इथे मानकाची ती जुनी अट कामाला येऊ लागली. २००३ मध्ये एएमडीचे ६४ बिट प्रोसेसर बाजारात आले, पत्ते ६४ बिटांचे झाले, पण इंट ३२ बिटांचाच राहिला. लूप मोजणारा इंट मर्यादेबाहेर जाऊन उणे होऊ शकतो असं धरलं, तर प्रत्येक फेरीत त्याचं ३२ वरून ६४ बिटांत रूपांतर करत बसावं लागतं. तो कधीच मर्यादेबाहेर जाणार नाही असं धरलं, की एकच ६४ बिटांचा रजिस्टर पुरतो आणि फेऱ्यांची संख्याही आधीच काढता येते. मानकाने तर प्रोग्रॅमरला बजावलंच होतं की ही वेळ येऊ देऊ नका. मग ती येणार नाही असं गृहीत धरायला कंपायलर मोकळा.

एप्रिल २००५ मध्ये जीसीसी ४.० आला तो आतून नव्याने बांधलेला. २००६ च्या ४.१ मध्ये, कुठला चल कुठल्या मर्यादेत राहील याचा अंदाज बांधणारा नवा टप्पा आला. आणि चिन्हांकित बेरजेचा अर्थ बदलल्याचं लोकांच्या लक्षात येऊ लागलं.

कधीच न संपणारा लूप

२००६ चा डिसेंबर. कुठलंही मोफत सॉफ्टवेअर बसवण्याआधी यंत्राची तपासणी करणारं ‘ऑटोकॉन्फ’ हे साधन स्वतःच अडकून पडलं. त्याच्या एका चाचणीत काळाचे मोठमोठे आकडे तपासण्यासाठी एक लूप होता. संख्या १ पासून सुरू, दर फेरीला दुप्पट, आणि संख्या शून्यापेक्षा मोठी आहे तोवर चालत राहा. लिहिणाऱ्याचा हिशेब असा की १०७३७४१८२४ ची दुप्पट ३२ बिटांत मावत नाही, संख्या उणे होईल आणि लूप थांबेल. जीसीसीच्या नव्या, अजून तयार होत असलेल्या आवृत्तीने विचार केला तो असा: सुरुवात १, गुणायचं २ ने, मर्यादा ओलांडायला मानकाची परवानगी नाही, म्हणजे ही संख्या नेहमीच धन. मग दर फेरीला ते तपासायचं कशाला? तपासणी उडाली आणि लूप अखंड फिरू लागला.

ऑटोकॉन्फचे पॉल एगर्ट यांनी सुचवलं की यापुढे या साधनाने सगळे प्रोग्रॅम ‘एफरॅपव्ही’ हा पर्याय लावूनच कंपाइल करावेत. तो लावला की जीसीसी चिन्हांकित बेरीज जुन्या सवयीप्रमाणे उणे बाजूला वळवतो. त्यांचं म्हणणं, कित्येक चालू प्रोग्रॅम या वळणावर विसंबून आहेत, त्यांना असं एका रात्रीत उघडं पाडू नका. जीसीसीच्या काही कार्यकर्त्यांचं उत्तर, भाषा मानकाने ठरते, प्रोग्रॅमरच्या सवयीने नाही. आणि सगळ्यांवर ‘एफरॅपव्ही’ लादलं तर नीट लिहिलेल्या प्रोग्रॅमचाही वेग जाईल.

वाद ऐन रंगात असताना जानेवारी २००७ मध्ये जीसीसीच्या दोष-नोंदींत ३०४७५ क्रमांकाची तक्रार आली. तिच्यातला प्रोग्रॅम काही ओळींचा. ‘अ + १०० > अ’ हे खरं आहे ना, हे आधी तपासा, नसेल तर थांबा. खरं असेल तर बेरीज छापा. अ म्हणून दिला २१४७४८३६४७, इंटची कमाल मर्यादा. तक्रारदाराला वाटलं होतं की बेरीज उणे होईल, तपासणी फसेल आणि प्रोग्रॅम सुरक्षितपणे थांबेल. जीसीसीने तपासणी पाहिली, ती गणितात नेहमीच खरी असते असं ठरवून पुसून टाकली, आणि मग बेरीज छापली: −२१४७४८३५४९. आधी म्हणायचं बेरीज मोठीच असणार, आणि दुसऱ्या श्वासात छापायची उणे! तक्रार कंपायलरचा दोष म्हणून स्वीकारली गेली नाही. मानकाप्रमाणे दोष तपासणी लिहिणाऱ्याचा होता.

तोडगा काढला इयन लान्स टेलर यांनी. मे २००७ च्या जीसीसी ४.२ मध्ये त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक, या गृहीतकावरचे बदल बंद करण्याचा वेगळा पर्याय. दोन, कंपायलर असं गृहीतक वापरतोय तिथे इशारा देण्याची सोय. ऑप्टिमायझेशनच्या नेहमीच्या पातळीवर मात्र गृहीतक चालूच राहिलं. एप्रिल २००८ मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संगणक-सुरक्षा संस्थेने सूचना काढली की जीसीसी काही सुरक्षा-तपासण्या गुपचूप काढून टाकतो. इतर कंपायलरही हेच करतात हे दाखवून दिल्यावर सूचनेचा मथळा बदलून ‘सी कंपायलर’ असा सर्वसाधारण करण्यात आला.

झाशीशी नाळ असलेल्या मराठी माणसाला, तोच मजकूर आणि नवा वाचणारा, ही गोष्ट ओळखीची वाटेल. झाशी आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या १८१७ च्या तहातली अक्षरं तीच होती. १८५४ मध्ये डलहौसीने ती वेगळी वाचली आणि संस्थान खालसा केलं. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की राणी लक्ष्मीबाईंनी तह नीट वाचून त्याच्या आधारे आपली बाजू मांडली होती. आपण सीचा करार कधी उघडूनच पाहिला नव्हता.

आपल्याकडे पुढे काय झालं

आयआयटी मुंबईत ढमढेऱ्यांचे विद्यार्थी प्रा. उदय खेडकर यांनी केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान खात्याच्या मदतीने जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं. जीसीसी लाखो ओळींचा आणि आत शिरायला दुर्घट म्हणून बदनाम. या केंद्राने ‘इसेन्शियल ॲबस्ट्रॅक्शन्स इन जीसीसी’ नावाच्या कार्यशाळा घेऊन प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना तो आतून उलगडून दाखवला. अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासोबतचं खेडकरांचं ‘डेटा फ्लो ॲनालिसिस’ हे पुस्तक २००९ मध्ये निघालं. एखादी तपासणी कंपायलर कोणत्या तर्काने पुसतो, हे आपल्याच मातीत शिकण्याची सोय झाली.

पुण्यात केपीआयटी कमिन्सने जपानी रेनेसास कंपनीच्या चिपसाठी जीसीसीची टूलचेन बांधून मोफत उपलब्ध केली. त्यातल्या एच८ मालिकेत इंट मुळात १६ बिटांचा. म्हणजे टर्बो सीचं ३२७६७ निवृत्त झालं असं कॉलेजांत वाटत होतं, तेव्हा पुण्यातले अभियंते तीच मर्यादा नव्या, हुशार कंपायलरसह हाताळत होते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने सीचे धडे थेट उबुंटू आणि जीसीसीवर तयार केले आणि ते हिंदी-मराठीतही आणले.

दरम्यान जगाने आपापले मार्ग निवडले. पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस ‘एफरॅपव्ही’ लावून कंपाइल होऊ लागला; लिनक्स कर्नलनेही २००९ पासून हे गृहीतक बंद ठेवलं आहे. एमआयटीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणातली सी आणि सी++ ची ८५७५ पॅकेजं तपासली, तेव्हा सुमारे ४० टक्के पॅकेजांत असा काही ना काही कोड सापडला जो अनडिफाइन्ड वर्तनाच्या आधारे कंपायलर पुसू शकतो. २०१४ च्या जीसीसी ४.९ मध्ये प्रोग्रॅम चालू असतानाच असा ओव्हरफ्लो पकडून ओळीचा क्रमांक सांगणारा सॅनिटायझर आला.

मानकही हललं, पण अर्धंच. टूज कॉम्प्लिमेंट सोडून इतर पद्धतींची यंत्रं बाजारातून गेल्यावर सी++ ने २०२० मध्ये आणि सीने ‘सी२३’ आवृत्तीत तीच एक पद्धत पक्की केली. बेरीजही वळलीच पाहिजे असा नियम करावा हा प्रस्तावही आला होता. तो मान्य झाला नाही. सी२३ ने त्याऐवजी, बेरीज मावली की नाही हे स्पष्ट सांगणारे मॅक्रो दिले. चिन्हांकित ओव्हरफ्लो आजही अनडिफाइन्डच आहे.

आणि ३२७६७ परत आलं आहे. आज इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षालाच हाती येणाऱ्या आर्डुइनो उनो (आर३) बोर्डावर इंट १६ बिटांचा आहे. त्यावर मिलिसेकंद इंटमध्ये मोजले तर साडेबत्तीस सेकंदांच्या थोडं पुढे मोजणी बिघडते. त्याचा कंपायलर टर्बो सी नाही, जीसीसी आहे. म्हणजे मर्यादा १९८७ ची आणि तर्क २००७ नंतरचा, दोन्ही एकाच बोर्डावर.

तेव्हा झाशीत असो की नागपुरात, सी शिकवणाऱ्यांना विनंती एवढीच. ३२७६७ अधिक १ किती, हा प्रश्न विचारा, पण −३२७६८ ला गुण देऊ नका. ‘सीमध्ये याचं उत्तर ठरलेलं नाही’ असं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या. आणि ‘अ + १०० > अ’ ऐवजी ‘अ > कमाल − १०० असेल तर थांबा’ असं, बेरजेच्या आधी तपासायला ज्याला सुचलं, त्याला वर दोन जास्त द्या.